बुलबुल, पारवा आणि सुगरण

आपल्या कविसंमेलनांत एक शेरा हमखास ऐकू येतो. एखाद्या नव्या कवीने झाडावर, पाखरावर, पहिल्या पावसावर काही वाचले की मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच म्हणते, 'फुलापाखरांची कविता!' हा शेरा कौतुकाचा नसतो. बाहेर एवढे सगळे घडते आहे आणि हा आपला बागेत रमला आहे, असा त्याचा अर्थ. मुस्लिम मराठी साहित्य संमेलन १९९० साली सोलापुरात पहिल्यांदा भरले. तेव्हापासून या प्रवाहाने जे लिहिले त्यात मोहल्ल्याचे दारिद्र्य आहे, दंगलीनंतरचे दिवस आहेत, तलाक मिळालेल्या बाईचे हाल आहेत, 'तुम्ही नक्की कुठले?' या प्रश्नाला दिलेले उत्तर आहे. ते लिहिणे भागच होते. ज्याच्या उंबऱ्यापाशी आग पोचली आहे त्याला गुलाबाचा रंग वर्णायला सांगणे ही थट्टाच ठरेल.

तरीही या शेऱ्याने माझे समाधान होत नाही. बागेकडे पाहणे म्हणजे जगाकडे पाठ फिरवणे, हे आपण न तपासताच मान्य करून टाकले आहे. फुलझाडांत आणि पाखरांत माणसाला जी शांतता मिळते ती कोणत्या जातीची असते, ती दरवेळी पळवाटच असते का, आणि तिच्यातून कला कशी जन्माला येते, हे प्रश्न समीक्षेने विचारायला हवेत. मी ते तीन पक्ष्यांच्या आधाराने विचारणार आहे. पहिला उर्दू कवितेतला बुलबुल, दुसरा बालकवींचा पारवा आणि तिसरी बहिणाबाईंची सुगरण. यांपैकी शेवटच्या दोघांचे कवी आमच्या खानदेशचे. एकीचे माहेर असोदा, आणि दुसऱ्याचा शेवट असोद्यापासून जवळच्याच भादली स्टेशनावर झाला. तेव्हा हा विचार असोद्याच्या रस्त्याने जाता-येता सुचला यात नवल नाही.

बुलबुलापासून सुरुवात करते, कारण तो माझ्या रोजच्या कामातला आहे. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. 'बाग की सैर' हा निबंध आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. मुले लिहितात, बागेत कारंजे होते, गुलाबांचे ताटवे होते, फांदीवर बुलबुल गात होता. लिहिणाऱ्या मुलांच्या घरी बाग नसते. दारात तेलाच्या डब्यात लावलेला मोगरा असतो, सदाफुली असते, फार तर मेंदीचे झुडूप. निबंधात यातले काहीच येत नाही. एकदा शाळेच्या कुंपणाच्या मेंदीत बुलबुलाच्या जोडीने घरटे केले. मी मुलांना ते लांबून दाखवले तर एक मुलगा म्हणाला, "मिस, ये बुलबुल नई, ये तो काली चिडी है."

मी हसले, पण तो अर्धा बरोबर होता. फारसी कवितेतून उर्दूत आलेला बुलबुल हा इराणातला रात्री गाणारा पक्षी. आपल्या कुंपणातला, डोक्यावर काळा तुरा आणि शेपटीखाली लाल डाग असलेला लालबुड्या बुलबुल हा वेगळाच पक्षी आहे, दोघांचे कूळसुद्धा एक नाही. नाव तेवढे एक. मुलाने कवितेतला बुलबुल ऐकला होता आणि कुंपणातला पाहिला होता. त्या दोघांची गाठ कुणी घालून दिली नव्हती.

उर्दूतली बाग ही मुळात अशी आहे. ती संकेतांची बाग आहे. गुल म्हणजे प्रिया, बुलबुल म्हणजे प्रेमिक, माळी, शिकारी, पिंजरा, पानगळ या प्रत्येकाला ठरलेला अर्थ आहे. मुहम्मद हुसेन आझाद यांच्या 'आब-ए-हयात' या १८८० सालच्या ग्रंथात मीर तकी मीर यांच्याबद्दल एक किस्सा येतो. लखनौला मीरसाहेबांना राहायला जे घर मिळाले त्याच्या खिडक्या बागेकडे उघडत. पण त्या बंदच असत. काही वर्षांनी एक स्नेही आला आणि म्हणाला, इकडे बाग आहे, खिडक्या उघडून बसत का नाही? मीरसाहेबांनी विचारले, इथे बाग आहे? मग गझलांच्या कच्च्या कागदांकडे बोट दाखवून म्हणाले, या बागेच्या काळजीत असा गुंतलो की त्या बागेची खबरच राहिली नाही. आझादांचे किस्से कितपत खरे, यावर उर्दू अभ्यासकांत वाद आहे. पण हा किस्सा एका काव्यदृष्टीचे नेमके वर्णन करतो. शांतता इथे आहे, पण ती बंद खोलीतली आहे. कवी शब्दांची बाग शिंपतो आणि तिच्याच सावलीत बसतो. मीर यांच्यासारख्याला ती सावली पुरली. त्या सावलीला कमी लेखण्याचे धाडस मी करणार नाही.

अडचण मीर यांच्या हयातीत नव्हती, ती नंतर आली. मोठ्या कवीची बंद खिडकी वारशाने आपल्याकडे आली, त्याचे कागद मात्र आले नाहीत. 'बाग की सैर' लिहिणारे मूल दोन्हीकडून नागवले जाते. त्याच्याकडे मीर यांची बाग नाही आणि दारातला मोगराही नाही.

इक्बाल यांनी मुलांसाठी लिहिलेली 'हमदर्दी' ही कविता 'बांग-ए-दरा' (१९२४) या संग्रहात आहे. ती विल्यम कूपर या इंग्रज कवीवरून घेतल्याचे तिथेच नमूद केलेले आहे. अंधार पडलेला, एकटा बुलबुल घरट्यापर्यंत कसे पोचावे या चिंतेत, आणि मदतीला धावलेला काजवा. कविता गोड आहे, मुलांना ती चटकन पाठ होते. पण तिच्यातले पक्षी आणि किडे आपल्याला उपदेश करण्यासाठीच तोंड उघडतात. काजवा जे सांगतो ते माणसाने त्याच्या तोंडी घातलेले आहे, हे शिकणाऱ्या मुलालाही कळते.

दुसरा पक्षी पारवा. बालकवी म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे, जन्म धरणगावचा, १८९० चा. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरले तेव्हा या सतरा वर्षांच्या मुलाने कविता म्हणून दाखवली आणि अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी त्याला 'बालकवी' ही पदवी दिली. कीर्तिकर हे केवळ साहित्यप्रेमी नव्हते. भारतातल्या औषधी वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ त्यांच्या आणि बी. डी. बसू यांच्या नावावर आहे. ज्याने आयुष्यभर झाडे नावानिशी ओळखली त्याने हिरवळीच्या कवीचे बारसे केले, हा योग मला अर्थपूर्ण वाटतो.

बालकवींनी खिडकी उघडली. 'फुलराणी'तली कळी कोणत्याही प्रियेचे प्रतीक नाही, तिचे लग्न तिचे स्वतःचे आहे. 'औदुंबर'मधला झरा, गाव, शेतमळे आणि पाण्यात पाय सोडून बसलेले झाड हे चित्र पाहिलेल्या माणसाचे आहे. मराठी कवितेला निसर्गाच्या सान्निध्यातला निखळ आनंद बालकवींनी दिला, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आणि ते खरेही आहे. पण 'फुलापाखरांची कविता' असे हिणवणाऱ्यांनी त्यांची 'पारवा' वाचायला हवी. एका पडक्या धर्मशाळेच्या कौलांवर बसून पारवा एकसुरी घुमतो आहे. कवी त्याच्या घुमण्यात दुःख ऐकतो, त्याला प्रश्न विचारतो, आपल्या मनातला दाह त्याच्यापुढे मांडतो. पक्षी आपल्या तंद्रीतून बाहेर येत नाही. शेवटी कवी त्याला त्याच्या तंद्रीत सुखी राहू देतो आणि आपले दुःख आपल्यापाशीच ठेवून घेतो.

हा शेवट फार प्रामाणिक आहे. निसर्ग आपले दुःख वाटून घेईल ही अपेक्षा कवीने केली, ती पुरी झाली नाही, आणि त्याने तसे सांगून टाकले. शांतता पारव्याजवळ आहे, कवीजवळ नाही. ज्याला आपण बागेत रमलेला कवी म्हणतो त्यानेच बाग काय देऊ शकत नाही ते लिहून ठेवले आहे. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनापाशी रूळ ओलांडताना गाडीखाली सापडून बालकवी गेले. वय अठ्ठावीसही पुरे नव्हते. त्या मरणाचा आणि कवितांतल्या उदासीचा ओढूनताणून संबंध लावणे मला योग्य वाटत नाही. कवितेने जे सांगितले तेवढे पुरे आहे.

भादलीहून असोद्याला यायला फार वेळ लागत नाही. केळीचे मळे, कपाशी, आणि भरिताच्या वांग्यांसाठी नावाजलेली काळी माती. ज्या वर्षी 'आब-ए-हयात' प्रसिद्ध झाले त्याच १८८० साली, नागपंचमीच्या दिवशी, या गावी उखाजी महाजन आणि भीमाई यांच्या पोटी बहिणाबाईंचा जन्म झाला. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या पाचेक किलोमीटरवरच्या जळगावच्या चौधरी वाड्यात आल्या. तिशीच्या सुमारास वैधव्य आले. पदरी तीन मुले. अक्षरओळख नव्हती. शेतात, जात्यावर, चुलीपाशी त्या गात राहिल्या. मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी त्यातले जेवढे टिपून घेतले तेवढेच आपल्या हाती आले. बहिणाबाई १९५१ च्या डिसेंबरात गेल्या आणि पुढच्या वर्षी अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' छापली गेली. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले.

बहिणाबाईंकडे बाग नव्हती. शेत होते, बांध होता, विहीर होती. विश्रांतीसाठी फुलांजवळ जाऊन बसावे एवढी फुरसत त्यांना कधी होती असे वाटत नाही. त्यांचे पाहणे कामाच्या मध्येच होते. हात चाललेला आहे आणि डोळा वर गेला आहे. वडाच्या हिरव्या पानांत लाल फळे दिसली तर त्यांना झाडाला पोपटांचे पीक आले असे वाटते. 'पीक' हा शब्द इथे महत्त्वाचा. बागेत फिरायला आलेल्याला तो सुचला नसता, पेरणी-कापणी करणारीलाच तो सुचतो.

आणि ही शांतता जन्मजात नव्हती. 'मन' या कवितेत त्यांनी मनाला उभ्या पिकात शिरणारे ओढाळ गुरू म्हटले आहे, कितीही हाकला, ते पुन्हा येते. प्लेगवर त्यांनी गाणे रचले, स्वतःच्या वैधव्यावर रचले. जगाकडे पाठ फिरवणाऱ्या बाईची ही लक्षणे नाहीत. ज्या तोंडाने प्लेग गायला त्याच तोंडाने खोपा गायला.

आता तिसरा पक्षी. सुगरणीच्या खोप्यावरची कविता मराठी घराघरांत पाठ आहे. झाडाला टांगलेला खोपा, त्यात निजलेली पिले, आणि पिलांसाठी जीव टांगणारी पाखरीण. तिच्याजवळ हत्यार म्हणून फक्त चोच. मग कविता माणसाकडे वळते आणि त्याला त्याच्या दोन हातांची आणि दहा बोटांची आठवण करून देते. इथेही उपदेश आहे, पण 'हमदर्दी'तल्यासारखा नाही. सुगरण एक शब्द बोलत नाही. ती विणते. बोलते ती कवयित्री, आणि तेही स्वतःच्या तोंडाने, पाखराच्या नव्हे. पारव्याला बालकवींनी प्रश्न विचारले, सुगरणीला बहिणाबाई काही विचारत नाहीत. तिला तिचे काम करू देतात. दोघींमधली जवळीक दुःखाची नाही, कारागिरीची आहे. एक विणणारी दुसऱ्या विणणारीकडे पाहते आहे.

या कवितेवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो खोटा नाही. खोपा मादी विणत नाही, नर विणतो. हे शास्त्रीय पद्धतीने मांडणारा माणूस आपल्यातला होता. मुंबईच्या बोहरा कुटुंबातले सालिम अली (१८९६–१९८७) यांची वस्तुसंग्रहालयातली नोकरी गेल्यावर ते अलिबागजवळच्या किहीमला जाऊन राहिले. तिथे १९३० च्या पावसाळ्यात त्यांनी सुगरणींच्या वसाहतीसमोर दिवसचे दिवस बसून नोंदी केल्या आणि त्या १९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केल्या. नर अर्धा खोपा विणतो. माद्या येतात, आत शिरून पारख करतात. एखादीला तो पसंत पडला की ती तिथे राहते, नर उरलेला खोपा पुरा करतो, आणि मग दुसरा खोपा विणायला लागतो, दुसऱ्या मादीसाठी.

मग बहिणाबाईंची कविता खोटी ठरते का? मला वाटते, दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. विणणारी बाई ही कल्पना बहिणाबाईंची एकटीची नाही, ती मराठी भाषेनेच आधी केली आहे. 'सुगरण' हा शब्दच बाईचा आहे. तेवढ्यापुरती चूक मान्य करू. पण अली यांचीच नोंद पुढे वाचली तर काय दिसते? नर पुढच्या खोप्याला निघून जातो. अंडी उबवते ती मादी, आणि पिलांना भरवण्याचा भारही बहुतेक तिच्यावरच. झुलत्या खोप्यात पिलांबरोबर एकटी राहिलेली आई, हे जे कवितेचे मर्म आहे, ते किहीमच्या नोंदवहीत जसेच्या तसे आहे. तीन मुले घेऊन एकट्या राहिलेल्या बाईने बांधावरून ते ओळखले. यावरून कविता म्हणजे आत्मचरित्र असे मी म्हणत नाही. एवढेच म्हणते, की विणणारा कोण हे तिने भाषेवर सोपवले, आणि आत कोण उरले हे स्वतः पाहिले.

खोप्याच्या आत ओल्या मातीचे गोळे चिकटवलेले असतात. लोक सांगतात, त्यात सुगरण काजवा खोचते आणि दिवा लावते. माती खरी, दिवा लोकांच्या मनातला. इक्बालांच्या कवितेतला काजवा आणि हा काजवा एकाच मनातून आले आहेत. पाखराच्या अंधाराची काळजी माणसाला वाटते, हेही काही थोडे नाही.

इथे मला आपल्या परंपरेतली एक गोष्ट आठवते. कुरआनच्या सोळाव्या सूरहचे नावच 'अन्-नहल', म्हणजे मधमाशी. डोंगरांत, झाडांत आणि माणसाने उभारलेल्या मांडवांत घर बांध, ही गोष्ट अल्लाहने मधमाशीला सुचवली असे तिथे सांगितले आहे. सुचवण्यासाठी जे क्रियापद वापरले आहे ते 'वही' याच शब्दाच्या कुळातले, जो शब्द पैगंबरांना मिळणाऱ्या संदेशासाठी येतो. उलेमांनी दोन्हींत फरक केला आहे आणि तो योग्यच आहे. पण शब्द तोच योजला गेला याकडे लेखकाने दुर्लक्ष करू नये. घर बांधण्याचे कसब हे वरून आलेले देणे आहे आणि ते किड्यालाही मिळते. बहिणाबाईंनी आपल्या गाण्याचे श्रेय सरस्वतीला दिले. नावे वेगळी, नम्रता एकच. कलेची प्रेरणा कुठून येते याचे उत्तर दोन्हीकडे विद्वत्तेत नसून कामात आहे. मधमाशी, सुगरण आणि जात्यावरची बाई, तिघींना कसब मिळाले ते हात चालू असताना.

आता पुन्हा त्या शेऱ्याकडे. फुलापाखरांची कविता वाईट असते ती केव्हा? खिडकी न उघडता, दुसऱ्याची बाग उतरवून काढलेली असते तेव्हा. तेव्हा तिच्यातली शांतता उसनी असते आणि तिला नावे ठेवणाऱ्यांचे चुकत नाही. पण हाच दोष दंगलीच्या कवितेतही असू शकतो. न पाहिलेली आग, ठरलेले शब्द, ठरलेला संताप, असे आपणही पुष्कळ छापले आहे. विषय कोणता यावर कवितेची पत ठरत नाही. पाहिले की ऐकले, यावर ठरते. मोहल्ल्यात राहणाऱ्याला मोगरा पाहण्याचा हक्क आहे. तो पाहिला म्हणून त्याचे दुःख पुसले जात नाही, बालकवींनी ते सांगूनच ठेवले आहे. फक्त दुःखाच्या शेजारी आणखी एक जिवंत गोष्ट उभी राहते, आणि हाताला काम सुचते.

दोन वर्षांपूर्वी मी 'बाग की सैर' हा विषय फळ्यावरून पुसला आणि लिहिले, 'रोज दिसणारे एक झाड'. त्याआधी मराठीच्या तासाला बहिणाबाईंची कविता झाली होती. मुलांना पुस्तकी मराठी जड जाते, पण ही बोली त्यांच्या कानावरची निघाली, बाजारात वांगी घेऊन बसणाऱ्या असोद्याच्या काकू असेच बोलतात. बहुतेकांनी चार-पाच ओळीच लिहिल्या. एका मुलीने पानभर लिहिले. तिच्या दादाजानच्या कबरीवर सब्जा लावला आहे. दर जुम्याला ती अब्बांबरोबर पाण्याची बाटली घेऊन जाते. सब्ज्याला बारीक पांढरे तुरे आले की मधमाश्या येतात, म्हणून ती पाणी मुळाशी हळू ओतते, त्यांना उडवत नाही. निबंधात गुलाब नव्हता, बुलबुल नव्हता. उर्दूच्या चार चुका होत्या. त्या मी लाल शाईने दुरुस्त केल्या आणि वही तिला परत देण्याआधी घरी नेऊन पुन्हा वाचली.